लॉगमध्ये आधी फ्रेम, मग घड्याळ

मोशन कंट्रोल रिगचं, म्हणजे मोटरने कॅमेरा हलवणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर असो, स्टॉप मोशनचं, म्हणजे बाहुली थोडीथोडी हलवून एकेक फ्रेम काढायच्या ॲनिमेशनचं कॅप्चर असो, नाहीतर जुन्या ऑप्टिकल प्रिंटरला (एका फिल्मवरचं चित्र दुसऱ्या फिल्मवर उतरवणारं यंत्र) नवीन कंट्रोलर बसवून कुणी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम असो, लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रॅमने आपल्या कामाची ओळीओळीने ठेवलेली नोंद, उघडली की डावीकडे सगळ्यात आधी तारीख आणि वेळ दिसते. मग लेव्हल, म्हणजे ओळ किती गंभीर आहे ते, मग मॉड्यूलचं, म्हणजे प्रोग्रॅमच्या त्या भागाचं नाव, आणि कुठेतरी उजवीकडे स्क्रीनच्या बाहेर पळत असलेला खरा मजकूर. हा साचा सर्व्हरवाल्यांचा आहे. त्यांना विचारायचं असतं 'रात्री सव्वादोनला साइट का पडली', म्हणून त्यांना वेळ पहिली लागते, ते ठीकच आहे. आपल्याला असं कुणी कधी विचारत नाही. आपल्याला विचारतात 'शॉट बाराच्या तिसऱ्या टेकला फ्रेम १०४७ वर टिल्ट (कॅमेऱ्याचं वरखाली झुकणं) का अडखळतो', आणि त्या फ्रेमला किती वाजले होते हे ना ॲनिमेटरला आठवतं ना कॅमेरा असिस्टंटला.

स्टॉप मोशनमध्ये तर हे फारच विचित्र होतं. दोन फ्रेमच्या मध्ये दोन मिनिटं जातात नाहीतर अख्खी दुपार, बाहुलीचा हात निखळतो, तो बसवेपर्यंत सगळे थांबतात, आणि प्लेबॅकला हे सगळं सेकंदाच्या चोविसाव्या भागात बसतं. म्हणजे घड्याळाच्या हिशोबाने मांडलेल्या लॉगमध्ये शेजारशेजारच्या दोन फ्रेमच्या मध्ये 'कॅमेरा कनेक्टेड, लाइव्ह व्ह्यू चालू, लाइव्ह व्ह्यू बंद' असल्या शेकडो ओळी येऊन बसलेल्या असतात, आणि तुम्ही स्क्रोल करत बसता.

म्हणून कुठल्याही नव्या रिगचं सॉफ्टवेअर हातात आलं की मी पहिलं काम हेच करते, लॉगच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला शॉट, टेक, फ्रेम आणि एक्स्पोजर हे चार आकडे आणते, वेळ शेवटी ढकलते. काढून टाकत नाही हं, वेळ लागते, ती कशाला लागते ते पुढे सांगते.

आता हे करायचं कसं. सॉफ्टवेअर पायथनमध्ये असेल, आणि आजकाल छोट्या रिगचं बऱ्याचदा असतं, तर त्यातलं लॉगिंगचं मॉड्यूल २००३ पासून, म्हणजे २.३ व्हर्जनपासून भाषेसोबतच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. बरेच जण काय करतात की प्रत्येक मेसेजच्या मजकुरातच हाताने फ्रेम नंबर चिकटवतात. एका ठिकाणी 'फ्रेम १०४७' लिहिलेलं, दुसऱ्या ठिकाणी 'एफ १०४७', तिसऱ्या ठिकाणी लिहायचंच राहिलं. मग शोधायचं काय डोंबल! त्यापेक्षा लॉगिंगला एक फिल्टर लावायचा, ज्याचं काम ओळ गाळणं नसून ओळीत भर घालणं असतं. सध्याचा शॉट, टेक, फ्रेम एका जागी ठेवलेले असतात, फिल्टर तिथून उचलतो आणि प्रत्येक रेकॉर्डला चिकटवतो, आणि फॉरमॅटमध्ये तुम्ही फक्त त्यांचा क्रम ठरवता. फिल्टर लॉगरला, म्हणजे ओळ तयार करणाऱ्या भागाला न लावता हँडलरला, म्हणजे ती फाइलमध्ये लिहिणाऱ्या भागाला लावा, कारण लॉगरला लावलेला फिल्टर त्याच्या पोटातल्या लॉगरकडून वर आलेल्या ओळींना लागत नाही, आणि मोटरच्या लायब्ररीतून आलेली नेमकी महत्त्वाची ओळ फ्रेम नंबराशिवाय येते. वर फॉरमॅटमध्ये तो कॉलम मागितलेला असतो आणि रेकॉर्डमध्ये नसतो, म्हणून ती ओळ फाइलमध्ये यायच्या ऐवजी एररच ओकते.

एक मात्र बघायचं, मोटर वेगळ्या थ्रेडमध्ये (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारं वेगळं काम) चालत असेल आणि कॅप्चर वेगळ्या, तर 'सध्याची फ्रेम' दोघांसाठी एकच असेल असं नाही. पुढच्या फ्रेमची मूव्ह सुरू झालेली असते तेव्हा आधीच्या फ्रेमची इमेज अजून कॅमेऱ्यातून उतरत असते. त्यामुळे फ्रेम नंबर ग्लोबल, म्हणजे सगळ्यांसाठी एकच, ठेवू नका, कामासोबत पाठवा.

बरं, फ्रेम नंबर म्हणजे नक्की कुठला नंबर हा पण एक घोळ आहेच. कुणी ० पासून मोजतं, कुणी १ पासून, आणि व्हीएफएक्सकडे (व्हिज्युअल इफेक्ट्स) जाणारा शॉट असेल तर बहुतेक वेळा १००१ पासून सुरू करतात, म्हणजे नंतर शॉटच्या आधी दहावीस फ्रेम वाढवाव्या लागल्या तरी नंबर उणेमध्ये जात नाही. लॉगमध्ये तोच नंबर यायला पाहिजे जो इमेज फाइलच्या नावात आहे. सॉफ्टवेअर आतल्या आत शून्यापासून मोजत असेल तर त्याचं त्याने मोजावं, लॉगमध्ये लिहिताना रूपांतर करून लिहावं. आणि शून्यं भरून लिहा, ०००९ आणि ००१०, नाहीतर मजकूर म्हणून सॉर्ट केलं की १० आधी येतो आणि ९ नंतर.

त्यात 'टूज'वर शूट करत असाल तर, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम पण बाहुलीच्या पोझ १२ आणि प्रत्येक पोझ दोन फ्रेम टिकते, तर पोझचा नंबर आणि फ्रेमचा नंबर वेगळे होतात. कॅमेरा स्थिर असेल तर एकच फोटो काढून दोनदा वापरता येतो, पण कॅमेरा फिरत असेल तर बाहुली तशीच ठेवून कॅमेऱ्यासाठी प्रत्येक फ्रेम वेगळी घ्यावी लागते, नाहीतर मूव्ह थरथरते. अशा शॉटमध्ये लॉगला दोन्ही नंबर हवेत. एकाच फ्रेमचे दोन तीन एक्स्पोजर असतील, एक नेहमीच्या लाइटचा, एक फक्त मॅटसाठी (बाहुली पार्श्वभूमीपासून वेगळी कापून काढायला), तर एक्स्पोजरचा कॉलम वेगळा. ऑप्टिकल प्रिंटरवाल्यांना हे आधीपासून पाठ असतं, कारण त्यांच्याकडे कॅमेऱ्याचा काउंटर वेगळा आणि प्रोजेक्टरचा वेगळा, आणि फ्रीझ करायचं म्हणजे प्रोजेक्टर थांबवून कॅमेरा पुढे न्यायचा. तिथे लॉगमध्ये एकच 'फ्रेम' असा कॉलम ठेवला तर त्याला काही अर्थच राहत नाही. खऱ्या फिल्मवर असाल तर फूट आणि फ्रेम असं पण लिहितात, ३५ मिमीच्या नेहमीच्या चार परफोरेशनच्या (कडेच्या भोकांच्या) फ्रेमला फुटाला १६ फ्रेम, १६ मिमीला फुटाला ४०, पण तो कॉलम मोजून काढलेला असावा, मूळ नोंद पूर्णांकाचीच.

टाइमकोडचंही, म्हणजे तास, मिनिट, सेकंद, फ्रेम असं लिहिलेल्या नंबराचंही तेच. लॉगमध्ये फक्त टाइमकोड लिहून ठेवणारी सॉफ्टवेअर पाहिलीत. सेकंदाला २४ फ्रेम असतील तर ठीक आहे, पण २९.९७ ला ड्रॉप फ्रेम असेल तर दर मिनिटाच्या सुरुवातीचे ०० आणि ०१ हे दोन नंबर गाळतात, दर दहाव्या मिनिटाला मात्र गाळत नाहीत, म्हणजे तासाला १०८ नंबर नसतातच. चित्रं सगळी असतात, नंबर नसतात. अशा दोन टाइमकोडची वजाबाकी साध्या पद्धतीने केली की उत्तर चुकतं आणि वर ते थोडंसंच चुकतं, म्हणून लगेच लक्षात येत नाही. पूर्णांक फ्रेम लिहा, टाइमकोड त्यावरून कधीही काढता येतो.

आता त्या टिल्टचं सांगते, कारण माझं लॉगबद्दलचं जे काही मत आहे ते बरंचसं अशाच भानगडींमधून झालंय.

शॉटमध्ये कॅमेरा हळू खाली झुकतो आणि परत वर येतो. प्लेबॅकला वर येताना एका ठिकाणी अडखळल्यासारखं दिसत होतं. जेमतेम. डीओपीला (छायाचित्रण दिग्दर्शकाला) दिसलं, बाकीच्यांना दाखवल्यावर दिसलं. सॉफ्टवेअरचा लॉग उघडला तर प्रत्येक फ्रेमला 'मूव्ह पूर्ण, टिल्ट -१२.४७', 'मूव्ह पूर्ण, टिल्ट -१२.४४', सगळं कसं छान. पण ही 'मूव्ह पूर्ण' म्हणजे काय? कंट्रोलरने स्टेपर मोटरला (एका पल्सला ठरावीक एक पाऊल फिरणारी मोटर) जेवढे पल्स द्यायचे तेवढे दिले, एवढंच. कॅमेरा बसवलेलं डोकं तिथे पोचलं का हे त्याला माहीतच नाही. ओपन लूप म्हणतात ते हेच, आणि त्या लॉगमध्ये छापलेला आकडा आपण सांगितलेलाच आकडा असतो, आपल्यालाच परत वाचून दाखवलेला.

मोटरच्या मागच्या शाफ्टवर एन्कोडर (शाफ्ट किती फिरला ते मोजणारा) होता, त्याचं रीडिंग लॉगमध्ये घेतलं, तरी फरक जवळजवळ शून्य. कारण मोटर बिचारी बरोबरच फिरत होती. एन्कोडर मोटरच्या शाफ्टवर असेल तर गिअरमधला प्ले, म्हणजे सैलपणा, त्याला दिसत नाही, तो प्ले एन्कोडरच्या पुढे असतो. मग टिल्टच्या मूळ अक्षावर, म्हणजे जिथे कॅमेरा खरंच वळतो तिथे दुसरा एन्कोडर बसवला आणि लॉगमध्ये तीन कॉलम केले, टार्गेट, प्रत्यक्ष, फरक. आलं ते असं (फाइलमध्ये अर्थातच रोमनमध्ये असतं आणि वेळ वगैरे इथे गाळलीय):

शॉट ०१२ | टेक ०३ | फ्रेम १०४६ | टार्गेट -१२.४६८९ | प्रत्यक्ष -१२.४६९० | फरक -०.०००१
शॉट ०१२ | टेक ०३ | फ्रेम १०४७ | टार्गेट -१२.४३७५ | प्रत्यक्ष -१२.४६९० | फरक -०.०३१५
शॉट ०१२ | टेक ०३ | फ्रेम १०४८ | टार्गेट -१२.३९०२ | प्रत्यक्ष -१२.४३०१ | फरक -०.०३९९
शॉट ०१२ | टेक ०३ | फ्रेम १०४९ | टार्गेट -१२.३३१० | प्रत्यक्ष -१२.३७१२ | फरक -०.०४०२

मधला कॉलम वरून खाली वाचा. १०४६ ला मूव्ह तळाला पोचली, १०४७ ला दिशा उलटली, आणि कॅमेरा जागचा हललाच नाही, मोटर फक्त गिअरमधला सैलपणा भरून काढत होती. पुढच्या फ्रेमला हलला, आणि तिथून पुढे फरक ०.०४ ला स्थिर. म्हणजे बॅकलॅश. लॉगच्या चार ओळीत निदान झालं आणि कुणी कुणावर आवाजही चढवला नाही.

उपाय स्टॉप मोशनमध्ये सोपा असतो, कारण फोटो काढताना रिग थांबलेलं असतं. प्रत्येक पोझिशनला नेहमी एकाच बाजूने यायचं, उलट्या दिशेने जायचं असेल तर थोडं पलीकडे जाऊन परत यायचं, म्हणजे सैलपणा कायम एकाच बाजूला भरलेला राहतो. ते चालू केल्यावर लॉगमध्ये 'कुठल्या बाजूने आला' असा एक अक्षराचा कॉलम वाढवला. तो नसेल तर उद्या कुणी सेटिंग बंद केलं तर कळणार कसं?

वरच्या ओळींमध्ये दशांश चिन्हानंतर चार आकडे आहेत ते उगाच नाहीत. सॉफ्टवेअर मुळात दोनच छापत होतं. हिशोब करून बघा, मोटरला एका फेऱ्याला २०० स्टेप, त्याला १६ ची मायक्रोस्टेपिंग, म्हणजे प्रत्येक स्टेपचे १६ भाग, म्हणजे ३२००, पुढे १०० ला १ चा गिअर, म्हणजे डोक्याच्या एका पूर्ण फेऱ्याला ३,२०,००० मायक्रोस्टेप, एक मायक्रोस्टेप म्हणजे ०.००११२५ अंश. आणि दुसऱ्या बाजूने, ४०९६ पिक्सेल रुंद इमेज, लेन्सचा आडवा कोन समजा ४० अंश, तर एक पिक्सेल म्हणजे साधारण ०.०१ अंश. दोन दशांशांचा लॉग म्हणजे शेवटचा आकडा एका पिक्सेलएवढा. अर्धा पिक्सेल इकडे तिकडे झालेला त्याला दिसणारच नाही, आणि संथ मूव्हमध्ये अर्धा पिक्सेल डोळ्याला दिसतो. किती दशांश छापायचे हे फॉरमॅट ठरवताना लेन्स आणि गिअर बघून ठरवायचं असतं. अंशांसोबत मूळ स्टेपची संख्या पण पूर्णांकात लिहून ठेवते मी, कारण कॅलिब्रेशन पुढेमागे बदललं तर अंशांचा अर्थ बदलतो, स्टेपचा बदलत नाही.

इथपर्यंत आलं की फाइल भलतीच रुंद होते, आणि मग प्रश्न येतो की ही वाचणार कोण. माझं उत्तर, एक फाइल नकोच, दोन करा. एक गोष्टी सांगणारी, 'कनेक्शन तुटलं, परत जोडलं, होमिंग केलं, लिमिट स्विच लागला'. आणि दुसरी निव्वळ तक्ता, फ्रेमला एक ओळ, ठरलेले कॉलम, मजकूर शून्य. पहिली माणूस वाचतो, तीही काही बिघडलं तरच. दुसरी स्प्रेडशीटमध्ये जाते, एडिटरकडे जाते, कंपोझिटिंगवाल्यांकडे कॅमेऱ्याची हालचाल म्हणून जाते. दोन्ही एकात कोंबल्या की दोघांचंही काम अडतं. दोन्ही फाइलमध्ये शॉट-टेक-फ्रेम तेच असल्यामुळे एकीत संशय आला की दुसरीत उडी मारता येते.

तक्त्याच्या फाइलबद्दल थोडं बारकाईने, कारण इथे वेळ फार वाया जातो. पायथनचं लॉगिंग वेळ छापताना सेकंद आणि मिलिसेकंदाच्या मध्ये स्वल्पविराम टाकतं, आपण काही सांगितलं नाही तर. सीएसव्हीमध्ये स्वल्पविराम म्हणजे कॉलम संपला. म्हणजे तुमची वेळ दोन कॉलमांत फुटते आणि तिच्या पुढचा प्रत्येक कॉलम एक घर सरकतो, फोकसच्या जागी झूम, झूमच्या जागी आयरिस. तो स्वल्पविराम फॉरमॅटरमध्ये बदलून टिंब करता येतो, किंवा मुळात तक्त्यासाठी लॉगिंगच्या भानगडीत न पडता सीएसव्हीचा रायटर वापरा, तो कोट वगैरे स्वतः सांभाळतो. ॲनिमेटरच्या नोट्सचा कॉलम असेल तर रायटरच वापरा, कारण लोक नोट्समध्ये स्वल्पविराम टाकतात, एंटर मारतात, काहीही करतात. आणि नोट्स मराठीत असतील तर एक्सेलमध्ये उघडल्यावर अक्षरांचा चिवडा होतो, त्यासाठी यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग ओळखायची एक खूण) घालावा लागतो, पायथनमध्ये त्या एन्कोडिंगच्या नावापुढे 'सिग' जोडला की झालं. काही प्रोग्रॅम मात्र बीओएम बघून गोंधळतात आणि पहिल्या कॉलमचं नाव ओळखत नाहीत, तेव्हा फाइल कुणाकडे जाणार हे आधी विचारा.

एडिटिंगला थेट द्यायचं असेल तर एएलई, म्हणजे ॲव्हिड लॉग एक्स्चेंज. साधी टेक्स्ट फाइलच आहे, तीन भाग असतात, वर हेडिंग, ज्यात डेलिमिटर आणि एफपीएस वगैरे, मग कॉलमांची नावं, मग डेटा. कॉलमांच्या मध्ये टॅब लागतो, स्पेस नाही, आणि जो टेक्स्ट एडिटर टॅबच्या जागी गुपचूप स्पेस टाकतो त्यात ही फाइल उघडून सेव्ह केली की संपलं. हाताने दुरुस्त करायचा मोह टाळा.

लेव्हलबद्दल. डीबग, इन्फो, वॉर्निंग, एरर, क्रिटिकल, पायथनमध्ये यांचे आकडे १०, २०, ३०, ४०, ५०, आकडा मोठा तितकं गंभीर. सिसलॉग म्हणून यंत्रांनी लॉग पाठवायची एक पद्धत आहे, तिच्यात उलटं, ० सगळ्यात गंभीर आणि ७ म्हणजे डीबग. रिगवरचं एखादं यंत्र सिसलॉग पाठवत असेल आणि तुम्ही ते एका फाइलमध्ये आणत असाल तर आकडे तसेच ठेवू नका, नावं लिहा. मी मध्ये २५ ची एक स्वतःची लेव्हल करते, नाव 'टेक'. टेक सुरू, टेक संपला, फ्रेम परत घेतली, फ्रेम काढून टाकली, एवढंच तिच्यात. लेव्हल त्या आकड्यावर ठेवली की सेटवर बाजूच्या मॉनिटरवर फक्त कामाच्या ओळी सरकत राहतात, इन्फोचा कचरा दिसत नाही आणि वॉर्निंग मात्र दिसतात. लायब्ररी लिहिणाऱ्यांनी असली स्वतःची लेव्हल करू नये असं म्हणतात, कारण दोन लायब्ररींचे आकडे एकमेकांत अडकतात, पण स्वतःच्या रिगवर काय फरक पडतो.

वॉर्निंग कधी द्यायची हा खरा कळीचा मुद्दा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याची बॅटरी ९० टक्क्यांवर आली तरी वॉर्निंग, लाइव्ह व्ह्यूची एक फ्रेम सुटली तरी वॉर्निंग. मग लांडगा आला रे आला होतं, आणि फरक पाच पिक्सेलवर गेल्याची ओळ पण कुणी बघत नाही. मी मर्यादा पिक्सेलमध्ये ठेवते, अंशात नाही. लेन्स बदलली की अंशांची मर्यादा निरर्थक होते, वाइड लेन्सवर जे खपून जातं ते टेलिफोटोवर ठळक दिसतं. प्रोग्रॅमला लेन्सची फोकल लेंग्थ आणि सेन्सरची रुंदी माहीत असेल तर हा हिशोब त्याचा त्याने करावा आणि लॉगमध्ये 'टिल्ट ३.१ पिक्सेल मागे' असं छापावं. 'फरक -०.०३१५' बघून कुणी खुर्चीतून उठत नाही, '३ पिक्सेल' बघून उठतात.

लिहिण्याचा वेग. स्टॉप मोशनला याची चिंता नाही, फ्रेमला चार ओळी लिहिल्या काय आणि चाळीस लिहिल्या काय. पण तेच रिग लाइव्ह मूव्हला वापरत असाल, सेकंदाला २४ फ्रेम आणि मोटरचा लूप त्याहून कितीतरी वेगाने, तर लूपच्या आतून थेट डिस्कवर लिहू नका. डिस्कने मध्येच एखादा क्षण घेतला की लूप थांबतो आणि ज्या धक्क्याचं कारण शोधायला लॉग लावला तो धक्का लॉगच देतो. पायथनमध्ये क्यू हँडलर आणि क्यू लिसनर अशी जोडी आहे, लूप फक्त क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, टाकून पुढे जातो, लिहायचं काम दुसरा थ्रेड करतो. याची दुसरी बाजू अशी की प्रोग्रॅम कोसळला तर क्यूमधलं न लिहिलेलं जातं, आणि कोसळण्याच्या आधीच्याच ओळी आपल्याला हव्या असतात. म्हणून एरर आणि त्यावरच्या ओळी मी क्यूत न टाकता सरळ लिहिते. त्या क्षणी लूप अडखळला तरी चालेल, टेक तसाही गेलेलाच असतो.

फाइल मोठी झाली की कापायची ही सर्व्हरची सवय पण इथे त्रास देते. ठरावीक साइझला फाइल फिरवणारा हँडलर लावला तर तो टेकच्या मध्यात फाइल तोडतो, आणि जुन्या फाइल ठरलेल्या संख्येपुढे गेल्या की पुसूनही टाकतो. चित्रीकरणाचा लॉग पुसायचा नसतो, शॉट पूर्ण होऊन हातावेगळा होईपर्यंत तरी नाही. टेकला एक फाइल, शॉटच्या फोल्डरमध्ये, इमेजच्या शेजारी. फाइलच्या नावात वेळ घालायची असेल तर अपूर्णविराम टाळा, विंडोजला तो फाइलच्या नावात चालत नाही.

सॉफ्टवेअर बंद असेल, म्हणजे सोर्स मिळत नाही आणि सेटिंग्जमध्ये लॉगची एकच टिकमार्क आहे, तर काय? मग त्याचा लॉग जसा येतो तसा ठेवा आणि शेजारी छोटी स्क्रिप्ट चालवा, जी तो वाचून आपल्या फॉरमॅटची दुसरी फाइल बनवते. मूळ फाइलला हात लावू नका, कंपनीच्या सपोर्टला तीच लागते. अपडेट आलं की एखाद्या मेसेजचे शब्द बदलतात आणि स्क्रिप्टला ती ओळ ओळखू येत नाही, म्हणून न ओळखलेल्या ओळी टाकून न देता वेगळ्या फाइलमध्ये जमा करा आणि शेवटी त्यांची संख्या छापा. संख्या अचानक वाढली की समजायचं.

आता ती शेवटी ढकललेली वेळ. ती लागते ती दोन यंत्रांच्या नोंदी जुळवायला. रिगच्या कंप्युटरचा लॉग, कॅमेऱ्याच्या इमेजमधली वेळ, लाइटच्या कन्सोलची नोंद. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने आणि यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा, क्रमाने लावायला सोपं आणि कुठे घड्याळ तासभर पुढेमागे करतात तिथेही गडबड नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ हमखास थोडं पुढेमागे असतं, तेव्हा टेकच्या सुरुवातीला एक फोटो काढून दोन्ही वेळांमधला फरक लॉगमध्ये पहिल्याच ओळीत लिहून ठेवते. आणि मूव्हला किती मिलिसेकंद लागले असला कालावधी घड्याळाच्या वेळेवरून काढू नका, नेटवर्कवरून घड्याळ मध्येच दुरुस्त झालं तर कालावधी उणे येऊ शकतो. त्यासाठी मोनोटॉनिक क्लॉक असतो, जो मागे जात नाही.

हे सगळं लावून झालं की शूटच्या आधी रिगवर मी थोडा छळवाद करते. चालू मूव्हमध्ये कॅमेऱ्याची यूएसबी काढते. एका मोटरची केबल काढते, अर्थात ड्रायव्हरची पॉवर बंद करून, कारण चालू स्टेपरची केबल ओढली तर ड्रायव्हर जळू शकतो. टिल्टचं डोकं हाताने हळूच ढकलते. प्रत्येक वेळी लॉगमध्ये काय आलं, कुठल्या लेव्हलला आलं, फ्रेम नंबर बरोबर आला का ते बघते. केबल काढल्यावरही 'मूव्ह पूर्ण' आलं तर ते सॉफ्टवेअर अजून सेटवर न्यायच्या लायकीचं नाही.

राहिले लाइट, आणि इथे लॉग जरा लंगडाच असतो. लाइटना हुकूम पाठवायच्या डीएमएक्स-५१२ मध्ये ५१२ चॅनेल, प्रत्येकाला ० ते २५५ किंमत, पण ते एकाच दिशेने जातं. कंट्रोलर सांगतो, लाइट उत्तर देत नाही. आरडीएम म्हणून त्याच तारेवरून दोन्ही बाजूंनी बोलायची सोय आहे, पण ती लाइटमध्ये पण लागते, कंट्रोलरमध्ये पण लागते. म्हणून माझ्या तक्त्यात लाइटच्या कॉलमाचं नाव 'लाइट' नसतं, 'लाइट पाठवला' असतं. वाचणाऱ्याला उगाच वाटायला नको की ही खोलीतल्या उजेडाची नोंद आहे. एखाद्या लाइटला १६ बिट असेल तर त्याची किंमत दोन चॅनेलमध्ये विभागलेली असते, ते दोन आकडे वेगवेगळे न छापता जोडून एकच छापा, नाहीतर फेड चालू असताना बारीक चॅनेल २५५ वरून ० वर आला की लाइट विझला असं वाटून धावाधाव होते.

प्रत्यक्ष उजेडासाठी फ्रेमच्या कोपऱ्यात, क्रॉपमध्ये निघून जाईल अशा जागी, ग्रे कार्डचा तुकडा ठेवते. प्रत्येक इमेज उतरली की स्क्रिप्ट तेवढ्या तुकड्याच्या हिरव्या चॅनेलची सरासरी काढते, रॉ फाइलमधून, जेपेगमधून नाही, आणि तक्त्यात 'ग्रे' नावाच्या कॉलममध्ये लिहिते. फ्लिकर डोळ्याला दिसायच्या आधी त्या कॉलमात दिसतो. 'पाठवला' एकसारखा आणि 'ग्रे' हळूहळू खाली असेल तर बहुतेक लॅम्प म्हातारा होतोय, आणि 'ग्रे' फ्रेमगणिक खालीवर होत असेल तर लेन्सचं आयरिस प्रत्येक फोटोला नीट त्याच जागी बंद होत नाहीये, जे इलेक्ट्रॉनिक आयरिसच्या लेन्सवर होतं. आणि दोनचार फ्रेमपुरताच 'ग्रे' वर जाऊन परत खाली आला तर लाइट तपासत बसू नका, त्या वेळी सेटजवळ पांढरा शर्ट घालून कोण उभं होतं ते विचारा.